आप्पा कंट्रोलर आणि चार झाडूवाले

आमच्या परंड्यात माणूस माणसाला भेटला की "जेवलात का?" असं विचारतो. आप्पा कंट्रोलर विचारतात, "रजिस्ट्री साफ केली का?"

समोर दूधवाला असो, देवळातला गुरव असो, नाहीतर नुकतीच माहेरी आलेली एखादी बाळंतीण असो, प्रश्न तोच. आता ही रजिस्ट्री जमिनीची नव्हे. कॉम्प्युटरच्या पोटात विंडोज सगळ्या नोंदी ठेवतं. कुठला प्रोग्रॅम कुठं आहे, तो कशाने उघडतो, कुणाचं कुणाशी जमतं, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं आणि त्याला रजिस्ट्री म्हणतात. ती झाडून-पुसून दुरुस्त करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतात. आप्पांना त्यांचं वेड. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो आणि आप्पांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्यामुळे "सरांना विचारा, सर शेजारीच हायत" असं म्हणून आप्पा पुढं निघून जातात आणि बाळंतीण माझ्याकडे बघत राहते.

मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? गावात मला थोडाफार मान आहे. तो मी पै-पाहुण्यांसमोर जपून वापरतो. पण आप्पा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला दिसले की मी हटकून चपलेचा अंगठा तुटल्यासारखा खाली वाकायचो.

आप्पांनी उभी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. काचेची खिडकी, समोर माईक, आणि त्या माईकमधून निघणारा आवाज. घरात आप्पा आपल्यासारखंच "न्हाय" आणि "व्हय" बोलतात, पण माईक समोर आला की भाषा एकदम इस्त्री करून यायची. "कुर्डुवाडीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. प्रवाशांनी गर्दी करू नये." निवृत्तीनंतर माईक स्टँडवर राहिला आणि आवाज घरी आला. आता आप्पांनी घरात "चहा टाक गं" म्हटलं की गल्लीतल्या दोन-तीन घरांत चहा पडतो.

त्यांचा एकुलता मुलगा विकास हैदराबादला नोकरी करतो. एका दिवाळीला त्याने स्वतःचा जुना कॉम्प्युटर आप्पांना आणून दिला. आप्पांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, त्याला क्रोशाचं झाकण विणलं, वर हळदीकुंकू वाहिलं. विकास सुट्टी संपवून गेला आणि आप्पांना पडद्यावर कुठेतरी ती रजिस्ट्री सापडली.

मी पहिल्याच दिवशी सांगून बघितलं. म्हटलं, "आप्पा, ही सॉफ्टवेअरं लागत नाहीत. विंडोज आपलं आपण बघून घेतं. उलट यांनीच बिघडतं."

आप्पांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "सर, ऐका. गाडी बंद झाली तरी तिची पाटी स्टँडच्या कोपऱ्यात पडून असती. व्हय का न्हाय? मग एखादा नवा ड्रायव्हर येतो, तीच पाटी उचलून लावतो. तुळजापूरची पाटी, गाडी निघाली बार्शीला. पाशिंजर बसलं की बोंब. तुमच्या कॉम्प्युटरात त्येच झालंय. गाडी बंद, पाटी चालू. पाट्या काढायच्या का न्हाय?"

रजिस्ट्रीबद्दल याहून सोपं मी माझ्या वर्गात कधी सांगू शकलो नाही, हे कबूल करतो. नंतर मी हेच उदाहरण वर्गात दिलं. पण पाट्या पडून राहिल्याने कॉम्प्युटरचं काही अडत नाही आणि पाट्या काढायला आलेला माणूस चालू गाडीची पाटीही उचलून नेतो, हे काही आप्पांच्या गळी उतरेना.

तर पाट्या काढायला कुणाला ठेवायचं, याची निवड सुरू झाली. आप्पांनी ती मुलीला स्थळ बघावं तशी केली. प्रत्येक सॉफ्टवेअरचं मूळ गाव विचारलं. "अमेरिकेचं हाय" म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. "लई लांबची सोयरीक." कुणाच्या घरी ते आधी नांदलंय, तिथं काय गुण उधळले, याची चौकशी झाली. तेरमधल्या भाच्याला फोन, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या झेरॉक्सवाल्याला फोन. शेवटी एक पसंत करायचं सोडून आप्पांनी चार घरात घेतली. एक लाल रंगाचं होतं, ते उघडलं रे उघडलं की धोका-धोका म्हणून किंचाळायचं. त्याचं नाव लाल्या. एकाच्या छातीवर सोनेरी बिल्ले होते, तो पदकवाला. एक फुकट्या. आणि एक होता म्हातारा. तो कॉम्प्युटर तपासायला बसला की त्याची हिरवी पट्टी इतकी हळू सरकायची, की मध्ये भाजी निवडून व्हायची.

या चौघांचं आपसात पटत नसे. लाल्याने झाडून घेतलं की पदकवाला म्हणायचा, अजून घाण आहे. पदकवाल्याने झाडलं की फुकट्याला लाल्याच घाण वाटायचा. काकू कपाळाला हात लावून म्हणायच्या, "आमच्या घरात माणसं दोन अन् झाडूवाले चार. तरी केर हायच."

निवड करताना आप्पा मला विचारायचे, आणि त्यांची विचारायची तऱ्हाच वेगळी होती. कुठलं चांगलं, हे ते कधी विचारत नसत. "सर, ह्यातलं कुठलं अजिबात घेऊ नये?" मी जीव तोडून सांगायचो, की हे टाकू नका, याने अमुक बिघडतं, तमुक उघडत नाही. आप्पा मान डोलवायचे आणि घरी जाऊन नेमकं तेच टाकायचे. एकदा मी हार मानून त्यांना एक बरं, निरुपद्रवी सॉफ्टवेअर दाखवलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच त्याचं काम संपलं. आप्पा नाराज झाले. "हे काय साफ करणार? आलं काय, गेलं काय." मी मनात म्हटलं, आप्पांची खोडच उलटी, पालथ्या घड्यावर पाणी.

वाशीच्या लग्नात त्यांनी माझी जी शोभा केली, ती आठवली की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. लग्न माझ्या सहकाऱ्याच्या घरचं, म्हणजे सगळी शिक्षक मंडळी हजर. अक्षता पडल्या आणि पंगतीला बोलवायला कुणीतरी आप्पांच्या हातात माईक दिला. इतक्या वर्षांनी माईक! आप्पांची पाठ ताठ झाली. "जेवणाची पहिली पंगत मंडपाच्या डाव्या बाजूस लागत आहे. प्रवाशांनी गर्दी करू नये." मंडप हसला. मीही हसलो. तेवढ्यात आवाज पुढे आला, "आपल्यामध्ये परंड्याचे कॉम्प्युटरचे सर उपस्थित आहेत. ज्यांची रजिस्ट्री तुंबलेली असेल, त्यांनी जेवणानंतर सरांना भेटावे. सर दुसऱ्या रांगेत, निळ्या शर्टात बसलेले आहेत."

पंगतीत मी मान वर न करता पानातल्या बुंदीकडे बघत राहिलो. जेवणानंतर खरंच रांग लागली. एका आजोबांनी मोबाईल पुढे केला आणि म्हणाले, "ह्यात घाण बसलीया का बघा, जावयाचा आवाज येत न्हाय." सहकारी अजूनही मला निळा शर्ट म्हणतात. तो शर्ट मी पुन्हा घातला नाही.

तरी हे हसण्यावारी गेलं. शाळेत झालं ते गेलं नाही. शाळेच्या कार्यक्रमाला आप्पा आले होते. हेडमास्तरांच्या खोलीत चहा येईपर्यंत ते एकटेच बसले होते आणि समोर कॉम्प्युटर चालू होता. आप्पांनी त्यात लाल्या टाकला. लाल्याने नेहमीप्रमाणे किंचाळून झाडझूड केली आणि त्या झाडझुडीत शाळेचा प्रिंटर घालवला. दुसऱ्या दिवशी दहावीच्या पोरांना प्रवेशपत्रं द्यायची होती. पोरं दारात, काही आईबाप शेतातली कामं टाकून आलेले, आणि कॉम्प्युटर म्हणतो प्रिंटर कुठला? हेडमास्तरांनी सगळ्या स्टाफरूमसमोर मला विचारलं, "तुमचेच शेजारी ना हो ते?"

मी "हो" म्हटलं. त्या एका "हो"ला माझी सगळी नोकरी लाजली. बाजारातल्या दुकानातून प्रवेशपत्रं छापून आणली, पोरांची माफी मागितली आणि संध्याकाळी तणतणत आप्पांच्या ओसरीवर गेलो. झाला प्रकार सांगितला. आप्पांची मान खाली गेली. त्यांनी दोन्ही कान धरले. मला जरा बरं वाटलं. पण मी निघताना त्यांनी हळूच विचारलं, "पूर्ण बंद पडला, का थोडा?" आणि मग, "दुरुस्तीला लई वेळ लागला का, सर?" असं विचारताना त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

तेव्हा मी ठरवलं, की या माणसाचा कायमचा बंदोबस्त करायचा.

आप्पा एका बारशाला तेरला गेले तो दिवस मी साधला. काकूंना म्हटलं, कॉम्प्युटर दुरुस्त करून देतो. काकू दारातच उभ्या राहिल्या. "करायलाच पायजे का, सर?" मला वाटलं, म्हातारीला नवऱ्याची भीती वाटते. "काकू, काळजी करू नका, आता पुन्हा म्हणून बिघडणार नाही," मी म्हणालो. क्रोशाचं झाकण काढून त्यांनी त्याची घडी केली आणि आत गेल्या.

मी चारही झाडूवाले हाकलले. विंडोज नव्याने घातलं. आणि वर असं कुलूप लावलं, की माझा पासवर्ड दिल्याशिवाय आप्पांना त्यात नवं काहीही टाकता येऊ नये. कॉम्प्युटर असा चालायला लागला, की बटण दाबेपर्यंत पडदा उजळलेला. मी स्वतःवरच खूष झालो.

आप्पा आले. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला. "छान झालं, सर," एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कुणालाच रजिस्ट्रीचं विचारलं नाही. दूधवाला येऊन मला विचारून गेला, आप्पांची तब्येत बरी आहे ना. गल्लीत चहा ज्याच्या त्याच्या वेळेवर पडायला लागला. मी ताठ मानेने बाजारातून हिंडलो. एकच गोष्ट चुकल्यासारखी वाटायची. रविवारी सकाळी भिंतीपलीकडून आप्पांचा आवाज यायचा, तो थांबला होता. एरवी ते माईकच्या आवाजात कसलेसे आकडे वाचायचे, "चार... शून्य... सात..." मला वाटायचं, गॅसचा नंबर लावतायत, आणि मी खिडकी लावून घ्यायचो.

मग एका रविवारी आप्पाच आमच्या दारात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात चपला, जसं काही दहा कोस चालून यायचं होतं. आणि बोलले ते इतकं हळू, की मला पुढे वाकावं लागलं. या माणसाला हळू बोलता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

"सर, एक काम होतं. सांगायला लाज वाटती."

"बोला की आप्पा."

"ते कॉम्प्युटरचं. पयल्यासारखं करून देता का?"

"का? काय बिघडलं?"

"कायबी बिघडत न्हाय," आप्पा म्हणाले. "त्येच तर झालंय."

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. दाराची कडी एका हाताने चाळवत, माझ्याकडे न बघता बोलत राहिले.

"कॉम्प्युटर बिघडला की आमी इकासला फोन लावायचो. मग त्यो म्हणायचा, आकडा सांगा. पडद्यावर आकडा येतो, त्यो वाचला की तिकडं हैदराबादेत बसून त्यो इथला कॉम्प्युटर चालवतो. बाण आपोआप हलतो, सर. आमी हात बी लावत न्हाय. ही म्हणती, आला बघा. मग त्यो तपासणी लावतो अन् ती हिरवी पट्टी सरकत बसती. तवर त्याला कामच नसतं. मग इचारतो, आई, गुडघा कसा हाय? तूर कशी हाय? नातवाला दात आले, ते तवाच कळलं आमाला."

"पण आप्पा, नुसता फोन करता येतो की."

"फोन म्हंजी विनाथांबा गाडी, सर. बरे हाव का, बरे हाव, ठेवू का, ठेव. संपलं. हात केला तरी थांबत न्हाय." त्यांनी कडी सोडली. "अन् बोलत बस म्हणून कसं सांगावं लेकाला? कामाचं पोरगं हाय. मी कंट्रोलर होतो. गाडी बिघडल्याबिगर डेपोतनं माणूस येत न्हाय, एवढं कळतं मला."

मला सगळं एकदम उमगलं. कुठलं अजिबात घेऊ नये, हे ते का विचारत. झटपट काम करणारं त्यांना का चाललं नाही. चारांत तो रखडणारा म्हातारा त्यांचा लाडका का होता. आणि "दुरुस्तीला लई वेळ लागला का" म्हणताना त्यांचे डोळे का चमकले. आप्पा गावाला खुळे वाटले, मला नाही, असं मी म्हणू शकत नाही. मलाच ते सगळ्यांत जास्त खुळे वाटले होते. माझी लाज निळ्या शर्टाची होती. त्यांची लाज कुठली होती, हे भिंतीला भिंत असून मला ऐकू आलं नाही.

"शाळेच्या पोरांचा खोळंबा झाला, त्ये माझं लई चुकलं," आप्पा म्हणाले. "तुमचंबी नाव गेलं. पण आता महिना झाला, सर, बाण हालला न्हाय."

मी उठलो. त्यांच्याबरोबर गेलो. काकूंनी काही न विचारता झाकण काढलं आणि दोन खुर्च्या कॉम्प्युटरपुढे ओढून ठेवल्या. मी कुलूप काढलं, विकासचं ते आकडेवालं सॉफ्टवेअर परत घातलं. मग विचारलं, "कुठला टाकू?"

आप्पांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "म्हाताराच बरा."

मी म्हाताऱ्याला घरात घेतलं. त्याने तासाभरात चांगलं चालणारं काहीबाही मोडून ठेवलं. आयुष्यात प्रथमच मी कुठलंतरी सॉफ्टवेअर मनापासून निवडलं होतं. मग आप्पांनी फोन लावला, आकडा वाचला. तोही हळूच वाचला, मी शेजारी उभा होतो म्हणून. पडद्यावरचा बाण थरथरला आणि सरकायला लागला. आप्पांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. काकूंनी पदर नीट केला.

फोनवर विकासचा आवाज वैतागलेला होता. "आप्पा, परत? महिनाभर बरं चाललं होतं ना? हे भिकार सॉफ्टवेअर कुणी टाकलं?"

आप्पांचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हेच मला जास्त लागलं.

"मी टाकलं," मी म्हणालो.

"कोण? सर?" विकासचा आवाज चढला. "सर, तुम्ही कॉम्प्युटर शिकवता ना शाळेत?"

"हो. चुकलं माझं."

"कमाल आहे. निदान तुम्ही तरी..." विकासने उसासा सोडला. "आता सगळं तपासायला लावतो. लई वेळ लागणार बघा."

हिरवी पट्टी सुरू झाली. ती बोटभर सरकली. मग विकास वेगळ्या आवाजात म्हणाला, "आई, जेवलीस का?"

काकूंनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मी चपला घालून बाहेर पडलो. ओसरीच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा आतून आप्पांचा आवाज ऐकू आला. स्टँडवर घुमणारा तो आवाज नव्हता. लेकराला झोपवताना माणूस बोलतो, तसा होता.

"होऊ दे सावकाश, बाळा. आमाला कुठं जायचंय."